वळिवड्याच्या चुली

घरात लग्न ठरले की बस्ता बांधायला गांधीनगरला जायचे, ही आमच्या भागातली जुनी रीत. मिरजेकडून येणारी गाडी कोल्हापूरच्या अलीकडे वळिवडे स्टेशनात थांबते. तिथे उतरायचे, बायकांनी पुढे, पिशव्या घेतलेल्या पुरुषांनी मागे, आणि दिवसभर मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, आहेराचे कापड बघत हिंडायचे. दुकानदार बहुतेक सिंधी. आपसात सिंधी बोलणार, गिऱ्हाइकाशी अस्सल कोल्हापुरी. गादीवर बसलेली आत्याबाई भाव पाडत असे तेव्हा आम्ही पोरे ताग्यांच्या ढिगांवर चढत असू. मोठी माणसे मध्येच एखादे वाक्य टाकायची, "आधी हितं पोलंडची माणसं होती." पुढे कोणी काही विचारत नसे आणि कोणी सांगत नसे.

ते वाक्य पुढे फार वर्षे माझ्या मागे लागले. पोलंड कुठे, करवीर तालुक्यातले वळिवडे कुठे! आणि होती म्हणजे किती? सुमारे पाच हजार, आणि तीही पाच वर्षे. १९४३ ते १९४८ या काळात पंचगंगेच्या काठच्या या माळावर एक अख्खे पोलिश गाव वसले होते. त्यात शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते.

१ सप्टेंबर १९३९ ला हिटलरच्या फौजा पश्चिमेकडून पोलंडमध्ये शिरल्या, हे शाळेच्या पुस्तकात असते. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून स्टालिनच्या फौजा शिरल्या, हे बहुतेक पुस्तकांत नसते. वळिवड्याला आलेली माणसे या दुसऱ्या तारखेने उठवलेली होती. १० फेब्रुवारी १९४० ला, कडाक्याच्या थंडीत, पूर्व पोलंडमधल्या हजारो घरांची दारे अंधारातच वाजली. सामान बांधायला कुठे अर्धा तास मिळाला, कुठे तेवढाही नाही. घसरगाड्यांतून स्टेशन, तिथून गुरे वाहायचे डबे, आणि मग आठवडेच्या आठवडे प्रवास. पहिल्या खेपेला सरहद्दीवर जमिनी मिळालेले जुने सैनिक आणि जंगलखात्यातली माणसे कुटुंबांसकट उचलली. एप्रिलच्या खेपेला अटकेत असलेल्या अधिकाऱ्यांच्या, पोलिसांच्या, शिक्षकांच्या बायका-मुलांची पाळी आली. जूनमध्ये तिसरी खेप, पुढच्या वर्षी चौथी. कोणी अर्खांगेल्स्कच्या जंगलात पडले, कोणी सैबेरियात, कोणी कझाकस्तानच्या उघड्या माळावर. झाडे तोडायची आणि जेवढे काम भरेल तेवढा पाव घ्यायचा. एकूण किती माणसे नेली याबद्दल इतिहासकारांचे आजही जमत नाही. कमीत कमी धरले तरी आकडा तीन लाखांवर जातो.

२२ जून १९४१ ला हिटलर रशियावर उलटला आणि कालचा तुरुंगवाला एका रात्रीत दोस्त राष्ट्रांत जाऊन बसला. ३० जुलैला लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचे पंतप्रधान जनरल सिकोर्स्की आणि सोव्हिएत राजदूत माइस्की यांनी करारावर सह्या केल्या. ऑगस्टमध्ये हद्दपार पोलिश लोकांना माफी जाहीर झाली. ज्यांनी काही केलेच नव्हते त्यांना माफी! हा शब्द मला कधी गिळता आलेला नाही. पण त्याच शब्दाने वस्त्यांची फाटके उघडली. जनरल अँडर्स सोव्हिएत भूमीवरच पोलिश सैन्य उभारत आहेत आणि ते दक्षिणेकडे सरकते आहे, अशी बातमी कानोकानी फिरली. त्या बातमीच्या मागे माणसे निघाली. मिळेल त्या गाडीने, नाही तर पायी, उझबेकिस्तानच्या दिशेने. वाटेत आया मेल्या. मुले वाचावीत म्हणून कित्येक आयांनी ती पोलिश अनाथालयांच्या दारात सोडली आणि आपण मागे राहिल्या.

१९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये क्रास्नोवोद्स्क बंदरातून खचाखच भरलेली जहाजे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात लागली. सैनिक आणि नागरिक मिळून एक लाखाहून अधिक माणसे बाहेर पडली. किनाऱ्याच्या वाळूत तंबू होते. उतरणाऱ्यांचे केस भादरले, उवांनी भरलेले कपडे जाळले, आंघोळी घातल्या. टायफस आणि आमांश त्यांच्याबरोबरच जहाजातून उतरले होते. त्यांना पहिले जेवण दिले ते मटणाचे, चरबीचे. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण दोन वर्षे उपाशी राहिलेल्या आतड्यांना ते झेपले नाही आणि अन्न मिळाल्यानंतर माणसे मेली. युद्धाने पोळलेल्यांना मदत करणे हे किती जाणतेपणाचे काम आहे, ते मला या एका प्रसंगातून कळले. तेहरानच्या दौलाब कब्रस्तानात पोलिश थडग्यांच्या रांगा आहेत, त्यांतली बरीच त्या पहिल्या महिन्यांतली. इराणी लोक मात्र रस्त्याच्या कडेला उभे राहून ट्रकमध्ये खजूर, सुकामेवा, अंडी टाकत होते. आपला देश दोन फौजांनी व्यापलेला असताना त्यांनी हे केले. पुढे इस्फहानमध्ये दोन हजारांहून अधिक पोलिश मुले राहिली, मिशनच्या इमारतींत, कॉन्व्हेंटांत आणि इराणी धनिकांच्या बागेच्या वाड्यांत. ख्रिस्ती मुले आणि मुसलमान घरमालक, कोणाला त्यात वावगे वाटले नाही.

हिंदुस्थानात पहिली मुले आली ती मात्र समुद्रमार्गे नव्हे. मुंबईत पोलंडचे कॉन्सल एउगेनिउश बनासिन्स्की होते आणि त्यांच्या पत्नी किरा बनासिन्स्का पोलिश रेड क्रॉसचे काम बघत होत्या. त्यांनी मदतीचे सामान ट्रकांत भरून बलुचिस्तानमार्गे, इराण पार करून थेट अश्काबादपर्यंत पाठवले आणि परत येताना त्याच ट्रकांतून अनाथ मुले आणली. अश्काबाद, मशहद, झाहेदान, क्वेट्टा. नकाशावर बोट फिरवून बघा, मग त्या रस्त्याचा अंदाज येतो. हांका ओर्दोनूव्ना ही पोलंडची लाडकी गायिका-नटी या मुलांबरोबर होती. तीही हद्दपारीतून सुटलेली, आणि क्षयाने पोखरलेली. १९४२ च्या वसंतात ही पलटण मुंबईत पोचली आणि वांद्र्याला उतरली.

पुढे काय, हा प्रश्न होता. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी जामनगरजवळ, बालाचडीला, समुद्रकाठच्या आपल्या जागेत मुलांना घेतो म्हणून सांगितले. मुलांनी आपल्याला 'बापू' म्हणावे, असे त्यांचे म्हणणे असे. पालकाची उकडलेली भाजी खाणार नाही म्हणून मुलांनी संप केला, तेव्हा बापूंनी स्वयंपाक्याला पालक बंद करायला लावला, ही गोष्ट ती मुले म्हातारपणीही हसत सांगत. छावणीची व्यवस्था फादर फ्रांचिशेक प्लूटा या पोलिश धर्मगुरूंकडे होती. खर्चाला इतर संस्थानिकांनी, टाटांसारख्या उद्योगपतींनी, कॅथलिक संस्थांनी हातभार लावला. हिंदू राजाच्या आवारात रविवारी लॅटिनमध्ये मिस्सा होई. जामसाहेबांच्या स्मरणार्थ आज वॉर्सात एक चौक आहे आणि ते योग्यच आहे.

वळिवड्याची गोष्ट मात्र एका माणसाच्या नावाने सांगता येत नाही. म्हणूनच बहुधा ती कमी सांगितली गेली.

१९४३ साली कोल्हापूरच्या गादीवर दोन वर्षांचा राजा होता. राजाराम महाराज १९४० मध्ये वारले होते, दत्तक शिवाजी महाराज अज्ञान, आणि कारभार महाराणी ताराबाईंच्या रीजन्सीकडे. जागा संस्थानातली, परवानगी हिंदुस्थान सरकारची, पैसा मुख्यतः लंडनमधल्या पोलिश सरकारचा. हवा थंड, पाणी बारमाही, दारातून रेल्वे, म्हणून ही जागा पसंत पडली. इराणहून माणसे आधी कराचीला आली, तिथल्या तंबूंत राहिली, मग बोटीने मुंबई आणि तिथून रेल्वेने वळिवडे. १९४३ च्या पावसाळ्यात त्यांचे जथे येऊ लागले. बहुसंख्य बायका, मुले आणि म्हातारे. धडधाकट पुरुष अँडर्सच्या सैन्यात, पुढे इटलीत मॉंते कासीनोला लढायला जाणारे. मेलेले आणि बेपत्ता झालेले वेगळे.

इथे एक गोष्ट लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. याच हिंदुस्थान सरकारच्या डोळ्यांदेखत, १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून काही लाख हिंदी माणसे आसामच्या डोंगरांतून पायी परतली. गोऱ्यांसाठी बरी वाट आणि काळ्यांसाठी खडतर वाट, असा भेद झाल्याची तक्रार तेव्हा सगळ्या देशभर झाली. हजारो माणसे चिखलात, मलेरियाने मेली. १९४३ मध्ये, वळिवड्याच्या बराकी उभ्या राहत होत्या त्याच महिन्यांत, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे रस्त्यावर पडत होती. सुमारे तीस लाख गेली. पोलिश मुलांच्या ताटातला घास कोणी बंगालच्या ताटातून काढला नव्हता, त्यांच्यावर याचे ओझे टाकणे क्रूरपणाचे होईल. पण एका सरकारला एका ठिकाणी बराकी, डॉक्टर आणि शाळा उभ्या करता येत होत्या, एवढे तरी वळिवड्यावरून सिद्ध होते. दुसऱ्या ठिकाणी तसे का झाले नाही, हा प्रश्न त्या सरकारला विचारायचा आहे.

आता बराकींकडे. कौलारू छपरे, चटईच्या भिंती, एका रांगेत कुटुंबांची बिऱ्हाडे. बिऱ्हाडाला खोल्या, पुढे व्हरांडा आणि मागे स्वयंपाकघर. हे स्वयंपाकघर मला साऱ्या छावणीतले सर्वांत मोठे दान वाटते. अनाथ मुलांचे जेवण एकत्र शिजत असे. बाकीच्या कुटुंबांच्या हातात दरमहा भत्ता दिला जाई आणि ज्याने त्याने आपला बाजार करून आपली चूल पेटवायची. तीन वर्षे ही माणसे डबडे पुढे करून रांगेत उभी राहिली होती. कझाकस्तानात, पहलवीत, तेहरानच्या तंबूंत, कराचीत. वाढणारा जेवढे वाढेल तेवढे खायचे. वळिवड्यात पहिल्यांदा एखाद्या बाईला आज काय करू, असा प्रश्न पडला असेल. आपल्या आया-आज्या ज्या प्रश्नाने रोज कंटाळतात, तो प्रश्न परत मिळणे काय असते, हे आपल्याला कसे कळावे!

चूल आली म्हणजे बाजार आला. वळिवड्याचे, आसपासच्या खेड्यांचे बागायतदार भाजी, अंडी, कोंबड्या, फळे घेऊन छावणीत येऊ लागले. बायका घासाघीस करायला शिकल्या, मुलांच्या तोंडी बाजारापुरती मराठी आली, आणि बाजारकरांच्या तोंडी चार पोलिश शब्द. कोल्हापुरात सामान घ्यायला, सिनेमा बघायला गोऱ्या पोरी सायकलवरून जात. पन्हाळ्यावर सहली निघत. कोल्हापूरकरांनी त्यांना हारतुरे घातले नाहीत की त्यांच्या दुःखावर भाषणे केली नाहीत. वांगी विकली, पैसे मोजून घेतले, उद्या पुन्हा आले. अनेक वर्षे गुराढोरांसारखे हाकलल्या गेलेल्या माणसांशी कोणी गिऱ्हाईक म्हणून बोलते, भावावरून भांडते, ही वागणूक मला फार मोलाची वाटते.

मग चर्च. कोल्हापुरात ख्रिस्ती मिशन तेव्हा नवे नव्हते. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांचे काम एकोणिसाव्या शतकापासून चालू होते, त्यांच्या शाळा आणि दवाखाने लोकांच्या परिचयाचे होते. पण वळिवड्यातला ख्रिस्ती धर्म वेगळ्या घरचा होता. तो कोणाला काही द्यायला आला नव्हता, आपल्या माणसांबरोबर हद्दपार होऊन आला होता. धर्मगुरूंपैकी अनेकांनी छावण्यांचे पाणी चाखले होते. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोलिश घरात पातळ पांढरी पोळी, ओप्वातेक, मोडून एकमेकांना देतात आणि मेजावर एक ताट जास्तीचे मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. वळिवड्याच्या घरांत त्या रिकाम्या ताटासमोर बसणाऱ्या बाईच्या मनात कोणता पाहुणा असेल, ते सांगायला नको.

कारण तिचा नवरा पत्र लिहायचा थांबला होता. १९४० च्या वसंतापासून कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क, ओस्ताश्कोव या छावण्यांमधल्या हजारो पोलिश अधिकाऱ्यांची पत्रे अचानक बंद झाली. १३ एप्रिल १९४३ ला जर्मन रेडिओने कातिनच्या जंगलात सापडलेल्या सामूहिक थडग्यांची बातमी दिली. लंडनच्या पोलिश सरकारने रेड क्रॉसकडे चौकशी मागितली, तेवढ्यावरून मॉस्कोने २५ एप्रिलला संबंध तोडले. म्हणजे वळिवड्याचे पहिले जथे उतरले तेव्हा ही बातमी जेमतेम दोन-तीन महिन्यांची होती. जर्मन बोलतात म्हणून खोटी मानावी, की रशियन नाकारतात म्हणून खरी? ब्रिटनला स्टालिन हवा होता, त्यामुळे मोठ्याने बोलायची सोय नव्हती. मारले गेलेले सुमारे बावीस हजार होते आणि तो हुकूम सोव्हिएत पॉलिटब्युरोने ५ मार्च १९४० ला काढला होता, हे मॉस्कोने कबूल करायला १९९० नंतरचा काळ उजाडावा लागला. एप्रिल १९४० च्या हद्दपारीत जी बायका-मुले उचलली गेली त्यांत याच माणसांची घरे होती.

आणि अशा छावणीत एक दिवस कोझेल्स्कमधून जिवंत सुटलेला माणूस आला. झ्जिस्वाव पेश्कोव्स्की, घोडदळातला तरुण. कोझेल्स्कच्या कैद्यांतून थोडेसेच दुसऱ्या छावणीत हलवले गेले आणि वाचले, त्यांत तो होता. वळिवड्यात त्याच्याकडे स्काउट मुलामुलींचे काम आले. शेकडो पोरे त्याच्या शिट्टीवर उठत-बसत, शेकोटीभोवती गात. त्यातल्या कितीतरी पोरांचे बाप त्याच्याबरोबर कोझेल्स्कच्या आवारात हिंडलेले असणार. तो त्यांच्या आयांना काय सांगत असेल, याचा विचार मी पुष्कळ वेळा केला आहे. पुढे तो अमेरिकेत जाऊन धर्मगुरू झाला आणि कातिनमध्ये मारल्या गेलेल्यांच्या कुटुंबांचा पाद्री म्हणून त्याने उरलेले आयुष्य घालवले. २००७ मध्ये तो वारला.

आणखी एक बाई या गोष्टीत आहे. वांडा दिनोव्स्का, पोलंडची थिऑसॉफिस्ट, १९३० च्या दशकात हिंदुस्थानात आलेली. गांधीजींच्या सहवासात राहिली आणि उमादेवी झाली. तिचा मित्र मॉरिस फ्रिडमन, पोलिश ज्यू इंजिनियर, त्याच सुमारास औंध संस्थानच्या स्वराज्याच्या घटनेसाठी खपत होता. पुढे निसर्गदत्त महाराजांची संभाषणे इंग्रजीत आणणारा तो हाच. उमादेवीने वळिवड्याच्या मुलांना हा देश समजावून सांगितला, त्यांच्यासाठी भारताविषयी पोलिशमध्ये पुस्तके काढली. रामायण काय, रवींद्रनाथ कोण. मुले नुसती आश्रयाला पडून राहू नयेत, आपण कुठे आहोत हे त्यांना कळावे, अशी तिची धडपड. १९५९ नंतर तिबेटी निर्वासित आले तेव्हा ही बाई म्हातारपणी त्यांच्या मुलांसाठी पुन्हा उभी राहिली.

युद्ध १९४५ मध्ये संपले, पण छावणीत त्याचा आनंद झाला असे म्हणवत नाही. फेब्रुवारीत दोस्त राष्ट्रांच्या याल्टा परिषदेत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला देऊन टाकायचे ठरले होते. ज्या गावांतून या माणसांना उचलले ती गावे आता परदेशात गेली. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. घरी चला म्हणणाऱ्या नव्या वॉर्सा सरकारमागे तीच सत्ता उभी होती, जिने दार वाजवले होते. बालाचडीची छावणी १९४६ मध्ये मिटली आणि तिथली मुले वळिवड्याला आली. खर्च आणि देखभाल संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित-संस्थांकडे गेली. फॉर्म भरायचे, वैद्यकीय तपासणी करायची, कोणता देश घेतो त्याची वाट बघायची. काही पोलंडला परतले. ज्यांचे बाप-भाऊ अँडर्सच्या सैन्यात होते ते ब्रिटनला गेले. कोणी ऑस्ट्रेलिया, कोणी अमेरिका, कोणी आफ्रिकेतल्या छावण्या. काही जणी इथल्याच झाल्या, मराठी घरांत सुना म्हणून. आणि काही कोल्हापूरच्या कब्रस्तानात राहिले.

१५ ऑगस्ट १९४७ ला वळिवड्यात अजून पोलिश वस्ती होती. ज्यांचा देश नकाशावरून उचलून पश्चिमेला सरकवला होता, त्यांनी दुसऱ्या एका देशाच्या फाळणीच्या बातम्या इथे बसून ऐकल्या. कराची, जिथल्या तंबूंतून ते आले होते, ते आता परराष्ट्रात होते. आणि त्याच कराचीतून, सिंधमधल्या हैदराबादेतून, शिकारपुरातून सिंधी हिंदू घरेदारे सोडून बोटींनी मुंबईला उतरत होते. कल्याणच्या लष्करी छावणीत त्यांचे उल्हासनगर झाले. १९४८ च्या सुरुवातीला शेवटचे पोलिश जथे वळिवड्याहून हलले आणि रिकाम्या बराकी सिंधी निर्वासितांना देण्यात आल्या. तेच आजचे गांधीनगर.

छावणीत वाढलेली पोलिश मुले पांढऱ्या केसांनी परत आली, पुन्हा पुन्हा आली. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ उभा राहिला. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सात कोल्हापूरच्या नावाच्या स्मारकाला फुले वाहिली, तेव्हा आमच्याकडच्या अनेकांनी ही हकिगत पहिल्यांदा वाचली.

गेल्या वर्षी पुन्हा बस्त्याच्या निमित्ताने गांधीनगरला गेलो होतो. एका जुन्या दुकानात कापड मोजून होईपर्यंत मी मालकांना पोलंडच्या लोकांबद्दल विचारले. ते म्हणाले, वडील सांगायचे, आम्ही आलो तेव्हा इथे घरे तयार होती, सामान टाकले आणि आईने स्वयंपाकाला सुरुवात केली. मग पोऱ्याला हाक मारून त्यांनी चहा सांगितला आणि आणखी दोन तागे खाली काढले.